फवाऱ्याचं कपाट

जमनाचं पत्र आलं त्या दिवशी माझा भात करपला. पत्र कसलं, इनलँडवर मोजून चार ओळी. ‘आई, माझी तब्येत बरी आहे. पहिलं बाळंतपण माहेरी करतात हे खरं, पण मी इथे नाशकातच राहीन म्हणते. सासूबाई सगळं बघतात. तुम्ही दोघांनी वाईट वाटून घेऊ नका.’

वाईट वाटून घेऊ नका! एकुलती एक लेक, तिचं पहिलं बाळंतपण, आणि आईने वाईट वाटून घ्यायचं नाही. जुन्या लुगड्यांची दुपटी मी शिवून ठेवली होती. डिंक, अळीव डब्यात भरून तयार होते. बोईसरच्या डॉक्टरीणबाईंना सांगून झालं होतं. कारण पत्रात कुठे लिहिलं नव्हतं, पण ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. दिवाळीला जमना आली तेव्हा तिला तिसरा महिना होता आणि चार दिवसांत ती सहा वेळा ओकली. थिनरच्या वासाने. आणि तो वास आमच्याच घरातला होता.

आमचे हे, म्हणजे भगवंत, तारापूरच्या वसाहतीत लोखंडी कपाटांच्या कंपनीत रंगखात्यात होते. आठ तास उभं राहून कपाटांवर करडा रंग मारायचा. करडा म्हणजे करडाच, बारा वर्षांत दुसरा रंग नाही. मग कुंभवलीच्या आमच्या चाळीत घरी आले की लाकडाचे पक्षी रंगवायचे. खंड्या, राघू, भारद्वाज. पालघरचा एक फोटो स्टुडिओ बंद झाला तेव्हा फोटोवर रंग मारायची पेनाएवढी पिचकारी ह्यांनी तिथून आणली होती. ते तिला एअरब्रश म्हणायचे. मी मुद्दाम पिचकारी म्हणायचे, चिडावेत म्हणून. पण ते चिडायचेच नाहीत, हाच तर त्यांचा मोठा दोष. पिचकारीला हवा लागायची ती टेम्पोच्या चाकाच्या ट्यूबमधून. सायकलवाल्याकडून ट्यूब टम्म फुगवून आणायची, तिला रबरी नळी लावायची, आणि खाटेवर मांडी घालून खंड्याच्या पाठीवर निळा रंग हलके हलके सोडायचा. खोटं कशाला बोलू, पक्षी देखणे व्हायचे. पोपटी कुठे संपला आणि पिवळा कुठे लागला ते डोळे फाडून बघितलं तरी कळायचं नाही. पण वास! भाकरीला वास, उशीला वास, देवापुढच्या फुलांना वास.

मी ते पत्र ह्यांच्यापुढे आपटलं आणि पदर खोचून उभी राहिले. आज सोडायचं नाही असं ठरवलंच होतं. ह्यांनी पत्र वाचलं, पुन्हा वाचलं. मग पिचकारी थिनरने धुतली, फडक्यात गुंडाळली आणि ट्रंकेत तळाशी ठेवली. ट्यूबची हवा सोडली.

“जमनाला लिही, ये म्हणावं. बंद केलं,” म्हणाले आणि हात धुवायला गेले.

आता बाई, भांडायला उभं राहावं आणि समोरच्याने आधीच शरण यावं, याला काय अर्थ आहे? माझा राग होता तिथेच राहिला. आणि पुढचे पंधरा दिवस तर मला खायला उठले. हे कामावरून यायचे, चहा प्यायचे आणि गुडघ्यांवर हात ठेवून उंबऱ्यात बसायचे. कुणी विचारलं तर बोलायचे, नाही तर नाही. पूर्वी त्यांच्या नखांत निळा असायचा, पोपटी असायचा. आता नुसता करडा. एक दिवस मी पानात वाढताना ते हात बघितले आणि मला इतकं भरून आलं की आमटी वाढायची सोडून आत जाऊन उभी राहिले.

मी जमनाला ‘ये, आता घरात वास नाही’ एवढंच लिहिलं, तर तिचं दुसरं पत्र. ‘माझं ठरलं आहे, आग्रह करू नका.’ मला वाटलं, पोरीचा विश्वास बसला नाही. भिंतींत मुरलेला वास जातो थोडाच, असं तिला वाटत असणार. म्हणजे पक्षी गेले ते गेले, आणि लेकही येईना. मला जमना घरात हवी होती आणि हा माणूसही पूर्वीसारखा घरात हवा होता. दोन्ही हवं म्हणजे हवं. मी झुंबरभाऊजींना बोलावणं धाडलं.

झुंबरभाऊजी ह्यांच्याच कंपनीत मशिनी दुरुस्त करायचे. आमच्याच नगरकडचे, मनाने सोन्यासारखे, पण आपल्याला सगळं कळतं हा आजार. “कंपनीत एवढा रंग उडतो, तिथं वास का नाही कोंडत?” मी विचारलं.

“तिथं बूथ आहे ना वहिनी! तीन बाजूंनी बंद, मागून पंखा ओढतो, रंग बाहेर.”

“मग घरात तसं काही करता येत नाही?”

झाले की सुरू. दुसऱ्या दिवशी ते एका परदेशी कंपनीचं चित्रांचं पुस्तक घेऊन आले. त्यात टेबलावर ठेवायचं खोकं होतं, मागे पंखा, पंख्याला नळी. दिसायला छान, पण ते इकडे मिळत नव्हतं, म्हणजे चित्र बघायचं आणि पुस्तक मिटायचं. मग म्हणाले, कंपनीसारखा पाण्याचा पडदा करू, मागच्या पत्र्यावरून पाणी वाहतं ठेवायचं, रंग पाण्यात जातो. मी म्हटलं, “भाऊजी, आमच्या नळाला दिवसातून एक तास पाणी. पक्ष्यांना आंघोळ घालू की आम्ही प्यायचं?” मग म्हणाले, अंगणातच रंगवावं. तेवढ्यात हे पहिल्यांदा बोलले. “ओल्या रंगावर धूळ बसते,” म्हणाले. इतक्या दिवसांनी त्या विषयावर तोंड उघडलं! मला तेवढ्यानेही बरं वाटलं.

शेवटी ठरलं ते कपाट. कंपनीत दार वाकडं आलेलं एक लहान कपाट भंगारात काढलं होतं, ते साहेबांची चिठ्ठी घेऊन आणलं. त्याचं दार काढून टाकलं, आडवं करून टेबलावर ठेवलं आणि पाठीला गोल भोक पाडलं. भाऊजींना तिथे कंपनीतला दांडगा पंखा लावायचा होता. हे म्हणाले, “त्याची ओढ फार. रंग पक्ष्यावर बसायच्या आधीच पळून जाईल.” दोघांची तासभर जुंपली. मी स्वयंपाक सोडून कपाटाच्या तोंडाशी उदबत्ती लावून धरली. म्हटलं, धूर सावकाश आत गेला पाहिजे, झडप घातल्यासारखा नाही आणि घुटमळायलाही नको. तेवढा पंखा लावा, बस्स. लहान पंखा ठरला.

एक गोष्ट मात्र भाऊजींनी बजावली आणि ती मी मानते. थिनरची वाफ पेट घेते, मोटारीतून ठिणगी उडते, तेव्हा मोटार कपाटात नको. म्हणून मोटार बाहेर बाजूला, आणि पट्ट्याने फिरणारा पंखा आत. पंख्याच्या अलीकडे काथ्याची जाड गादी, म्हणजे रंगाचे कण तिथेच अडकतील. कपाट पुढच्या खोलीत पश्चिमेच्या खिडकीला टेकवलं आणि पंख्याचं तोंड खिडकीबाहेर. बाहेर रस्ता, रस्त्यापलीकडे मोकळं रान. कुणाला त्रास नाही.

त्या आठवड्यात ह्यांना दुसरी पाळी होती. दुपारी तीनला जायचं, म्हणून सकाळ मोकळी. ट्रंकेतून पिचकारी निघाली. नवाच्या सुमाराला ह्यांनी एका खंड्यावर निळा रंग मारला आणि मी खोलीभर कुत्र्यासारखी हुंगत फिरले. काही नाही! सहा दिवस रोज सकाळी तेच. पहिल्याच दिवशी मी जमनाला पत्र लिहिलं होतं. ‘एकदा येऊन बघ. वास आला तर दुसऱ्या दिवशीच्या गाडीने परत जा, मी एक शब्द बोलणार नाही.’ मी एक शब्द बोलणार नाही, हे वाचून ती नक्की येणार हे मला माहीत होतं. तिचं उत्तर आलं, पंधरा दिवसांनी येते, पण राहण्याचं आत्ता विचारू नकोस.

पुढच्या सोमवारी ह्यांची पाळी बदलली. पहिली पाळी, म्हणजे पहाटे जायचं आणि साडेतीनला घरी. झुंबरभाऊजीही बरोबर आले, आपली करामत बघायला. त्यांना संध्याकाळी मुलासाठी मुलगी बघायला पालघरला जायचं होतं, म्हणून कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. ते कपाटाशेजारी कमरेवर हात ठेवून उभे राहिले. पंखा सुरू झाला, ह्यांनी पिचकारी दाबली, आणि सगळा निळा रंग कपाटातून उलटा बाहेर! ह्यांची मिशी निळी, भाऊजींचा शर्ट निळा, माझा पदर निळा, देवाच्या कोनाड्यातला बाळकृष्ण आधीच निळा म्हणून तेवढा वाचला. आणि वास तर असा की मी स्वतःच तोंडाला पदर लावून मागच्या दाराने बाहेर पळाले, आणि माझ्यामागून ते दोघे.

मागे मोकळ्या जागेला लागून नवसीचं घर आणि तिचा जमिनीचा तुकडा. तिच्या घरच्यांचा मुलूख डोंगराकडचा, पण ती आणि तिचा नवरा भिका इथेच राहायची. ती त्या वेळी वाल उपणत होती. टोपली डोक्याच्या उंचीला धरलेली, वाल खाली पडतायत आणि भुसा आमच्या भिंतीपासून लांब, डोंगराच्या दिशेने उडतोय. तिने आमच्या दारातून निघालेली तिन्ही निळी माणसं बघितली आणि टोपली खाली ठेवून हसत बसली. अशी हसली की तिला उचकी लागली.

“हसू नकोस गं, माझ्या लेकीचं बाळंतपण अडलंय त्या कपाटापायी!” मी ओरडले. आणि तिथेच उभी राहून तिला सगळं सांगितलं. पत्र, ओकाऱ्या, पक्षी, सगळं. सांगता सांगता रडायलाही आलं.

नवसीचं हसू थांबलं. “बाय, पन तुमी वाऱ्याच्या तोंडावर कशाला उपनता?” ती म्हणाली. “सकाळचा वारा डोंगराकडून दर्याकडं जातो. दुपारी दर्यावरून इकडं येतो. ह्या दिवसांत रोजचाच हाय. आमी म्हनून दुपारी त्या अंगाला तोंड करून उभं नाय राहत.”

मी कपाळावर हात मारला. शेतकऱ्याची पोर मी! नगरला आमच्या खळ्यावर बाजरी उपणताना आधी चिमूटभर माती उडवून वारा बघायचो, मगच हात घालायचो. आणि इथे मी उदबत्ती घेऊन पंख्याची परीक्षा केली, पण खिडकीबाहेरच्या वाऱ्याला कुणी विचारलंच नाही. सकाळी तो वारा आमचं काम फुकटात करत होता, आणि आम्ही शाबासकी पंख्याला दिली. कंपनीतल्या माणसांचं तर विचारूच नका, त्यांचं धुराडं शेडच्या वर, त्यांना वारा कशाला आठवेल?

“मग मागच्या खिडकीतून काढू या,” भाऊजी शर्ट पुसत म्हणाले. पुसल्याने तो जास्तच निळा झाला.

“आन तो रंग माझ्या वालावर?” नवसी उठून उभी राहिली. “तसं चालायचं नाय.”

तिचं बरोबर होतं. मग पुन्हा बैठक बसली, या वेळी नवसीच्या अंगणात. कपाट मागच्या खोलीत न्यायचं आणि खिडकीतून नळी काढून छपराच्या वर चढवायची, एवढं ठरलं. भाऊजींना पत्र्याची नळी हवी होती, वर कोपर, म्हणजे वाकडं तोंड, बसवून. मी म्हटलं, कोपराचं तोंड सकाळी एकीकडे आणि दुपारी दुसरीकडे कोण फिरवणार, तुम्ही? नळी मी शिवते. छत्रीचं काळं कापड आणलं, आत तारेच्या कड्या घातल्या आणि मशिनीवर कोटाच्या बाहीसारखी लांब बाही शिवली. भिकाने दोन बांबू जोडून उभे केले, बाही त्यांना बांधली. माझं माप चुकलं आणि वरचं टोक हातभर जास्तच झालं. हे कापायला निघाले तेवढ्यात वारा आला आणि ते सुटं टोक आपोआप डोंगराकडे वळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर तेच टोक समुद्राकडे. वारा जिकडे जाईल तिकडे त्याची पाठ धरून आपली बाही जाते! मी ह्यांच्या हातातली कात्री काढून घेतली.

“आता तुजं चांगलं लुगडं माझ्या अंगनात वाळत घाल,” नवसी म्हणाली. “डाग पडला तर तुज्या लुगड्यावर पडू दे.” रास्त बोलणं. मी माझं फिकं पिवळं इरकली, लेकीच्या लग्नातलं, तिच्या दोरीवर टाकलं. आठवडाभर हे पाळी असेल तसं कधी सकाळी, कधी दुपारी रंग मारत होते आणि मी दर तासाला जाऊन लुगडं डोळ्यांखालून घालत होते. जीव नुसता टांगणीला. आठव्या दिवशी नवसीने स्वतः ते उचललं, उलटसुलट केलं आणि घडी करून माझ्या हातात दिलं.

“काय नाय,” म्हणाली. “येऊ दे पोरीला.”

जमना यायची होती शनिवारी. आली गुरुवारीच, दुपारी चारला, जव्हारवरून येणाऱ्या एसटीने. जावईबापूंना रजा लवकर मिळाली. त्यांनी बॅग आत ठेवली आणि सुट्या पैशांसाठी रिक्षावाल्याबरोबर नाक्यापर्यंत गेले. माझी तर धांदल उडाली. पोट केवढं मोठं दिसत होतं! तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, तिला खाटेवर बसवलं, पाणी दिलं. ह्यांची तेव्हा रात्रपाळी होती, म्हणून हे घरीच, मागच्या खोलीत दार लावून बसले होते. पंख्याची घरघर येत होती, पण कुंभवलीत कुठल्या ना कुठल्या कंपनीची घरघर चालूच असते, तिच्या ते लक्षातही आलं नाही.

मी तिच्या नाकाकडे बघत बसले. तिने एकदा श्वास घेतला. उशीशी वाकून पुन्हा घेतला. भिंतीकडे बघितलं, पूर्वी जिथे रंगाच्या बाटल्या असायच्या त्या फळीकडे बघितलं. फळी रिकामी होती. आणि माझ्या पोरीचा चेहरा उतरला.

“बंदच केलं ना त्यांनी?” ती म्हणाली.

“काय बंद केलं?”

“आई, उगाच लपवू नकोस. काही वास येत नाहीये.” तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. “मी ओकारीसाठी नाही म्हटलं नव्हतं गं. ती तर चौथ्याच महिन्यात थांबली. मी आले की बाबा ते सोडणार, मला माहीत होतं. आणि एकदा सोडलं की परत सुरू करतो म्हणून कुणाला सांगणार नाहीत, मागणार नाहीत. नुसते बसून राहतील. म्हणून येत नव्हते मी. आजचा दिवस राहते, उद्या जाते.”

मी इतके दिवस तिला मनातल्या मनात नाकाची नाजूक म्हणत होते, आणि ही पोर बापासाठी माहेर सोडायला निघाली होती. बापाला मी एकटीच ओळखते असं मला वाटायचं. मी तिचा हात धरला, उठवलं, आणि मागच्या खोलीचं दार ढकललं.

हे आमच्याकडे पाठ करून कपाटापुढे बसले होते. नाकाला रुमाल बांधलेला, डाव्या हातात राघू, उजव्या हातात पिचकारी. हिरव्या रंगाचा बारीक फवारा राघूवर बसत होता आणि उरलेला सावकाश मागे काथ्यात जात होता. जमना दारात उभी राहिली. हसत होती की रडत होती, दोन्ही करत होती.

“अहो, पोरगी आलीय!” मी ओरडले. पंख्यापुढे त्यांना काही ऐकू गेलं नाही. मी मोटारीचं बटण बंद केलं तेव्हा त्यांनी मान वळवली. लेकीला बघितलं आणि पिचकारी टाकून असे धावत आले की स्टूल आडवं झालं. मला वाटलं, डोक्यावरून हात फिरवतील. तर नाही. त्यांनी आपला हिरवा पंजा तिच्या नाकावर दाबून धरला आणि तिला पुढच्या खोलीकडे ढकलायला लागले.

“बाबा, अहो बाबा,” ती हाताखालून म्हणत होती, “वास नाही येत. खरंच नाही येत. मी राहणार आहे.”

ह्यांनी हात काढला नाही.